कडी बाहेरून

ज्या गावाच्या नावातच कोल्हा आहे, त्या गावात राहून कोंबड्या पाळणं हे धाडसाचं काम आहे. आता जाणकार मंडळी लगेच सांगतील, की कोल्हापूरचा आणि कोल्ह्याचा काडीचाही संबंध नाही. कोल्हासुर नावाचा दैत्य होता, महालक्ष्मीने त्याचा वध केला आणि मरताना त्याने मागून घेतलं म्हणून गावाला त्याचं नाव मिळालं, अशी कथा आहे. कथा मला मान्य आहे. पण कोंबड्यांनी करवीरमाहात्म्य वाचलेलं नाही. त्यांना गावाचं नाव ऐकूनच धडकी भरत असणार. शिवाय खरं सांगायचं तर कोल्हापुरात कोंबडीला कोल्ह्यापासून जेवढं भय आहे, त्याच्या शंभर पट कोल्हापूरकरांपासून आहे. आमच्याकडे पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असं विचारतात ते केवळ वेळ काढण्यासाठी. तोवर मागच्या दारी कुणीतरी सुरीला धार लावत असतं.

अशा गावात मी गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी आठ कोंबड्या आणि एक कोंबडा यांना रात्रीपुरतं सुरक्षित जागी बसवण्याचा उद्योग करतो आहे. ह्या उद्योगात मला जेवढे नैतिक प्रश्न पडले, तेवढे बी.ए.ला तत्त्वज्ञान घेऊनही पडले नव्हते. तिथे प्रश्न परीक्षेत पडायचे, आणि तेही पाचपैकी कोणतेही तीन. परड्यात तशी सवलत नाही. तिथे पडेल तो प्रश्न अंधार व्हायच्या आत सोडवावा लागतो.

घर कळंब्याच्या बाजूला आहे आणि त्याच्यामागे थोडी मोकळी जागा आहे. तिला आजी परडं म्हणायची, मी परसदार म्हणतो, आमची मुलगी बॅकयार्ड म्हणते. जागा तेवढीच आहे, वाढले ते फक्त तिचे भाव. कोंबड्या आजीच्या वेळेपासूनच्या. म्हणजे ह्याच नव्हेत, ह्यांच्या पणज्या. आजीच्या काळी बांबूचं मोठं डालगं असायचं. दिवेलागणीला कोंबड्या गोळा करायच्या, वर डालगं पालथं घालायचं आणि त्यावर एक धोंडा ठेवायचा. ह्या क्रियेला ‘कोंबड्या डालणे’ म्हणतात. ज्या भाषेत साधे आभार मानायचे तर शब्द जिभेवर अडखळतो, त्या भाषेत कोंबडी झाकण्यासाठी स्वतंत्र क्रियापद आहे, ह्यावरून आपल्या पूर्वजांच्या खऱ्या काळज्या कोणत्या होत्या हे ध्यानात यावं.

पुढे डालगं जाऊन खुराडं आलं. चार पाय, लाकडी चौकट, जाळी, वर पत्रा आणि पुढे एक दार. इथूनच प्रश्नांना सुरुवात झाली.

म्हाताऱ्या कोंबड्यांचा तसा काही त्रास नाही. उजेड उतरायला लागला की त्या आपणहून खुराड्याकडे निघतात. आमच्याकडे सूर्य नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला मावळतो आणि जूनच्या अखेरीला सात वाजून गेल्यावर. कोंबड्यांनी हे वेळापत्रक एका मिनिटाने चुकवल्याचं मी पाहिलेलं नाही. घोटाळा असतो तो तलंगांचा. नुकत्याच वयात आलेल्या, अजून अंड्यावर न आलेल्या ह्या पोरी नेमक्या दिवेलागणीला पेरूच्या झाडावर चढतात. खाली मी ‘आ आ आ’ करत दाणे टाकतो आणि वर त्या मान वाकडी करून माझ्याकडे असं बघतात, की सभेत श्रोत्यांनीसुद्धा माझ्याकडे इतक्या निर्विकारपणे पाहिलेलं नाही.

त्यांचंही तसं चुकत नाही. पाळीव कोंबडीचा मूळपुरुष म्हणजे लाल रानकोंबडा. तो आपल्या भागातला नव्हे, पण त्याचा सह्याद्रीतला चुलतभाऊ, राखी रानकोंबडा, आमच्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात आजही आहे. २००८ साली उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पाळीव कोंबडीच्या कातडीतला पिवळा रंग ह्या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. म्हणजे माझ्या परड्यातल्या तलंगेचे पिवळेजर्द पाय ही दाजीपूरकडून आलेली इस्टेट. रानकोंबड्या दिवसभर जमिनीवर चरतात आणि रात्री झाडावर बसतात. तेव्हा तलंग पेरूवर चढते ती बंडखोरी म्हणून नव्हे. तो तिचा कुळाचार आहे.

फक्त दाजीपूरच्या जंगलात झाडं उंच असतात. आमचा पेरू बोक्याला दोन उड्यांचा. आणि कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही. दिवसा जमिनीवरची मुंगी टिपणारी ही बाई सूर्य बुडाला की अशी गप्प होते, की उचलून पिशवीत घातली तरी फारसा निषेध नोंदवत नाही. झाडावर ती निसर्गाच्या भरवशावर बसते. बोकाही निसर्गाच्याच भरवशावर येतो.

आता प्रश्न असा : झाडावर बसू इच्छिणाऱ्या जिवाला, त्याच्या भल्यासाठी, त्याच्या इच्छेविरुद्ध कोंडण्याचा मला अधिकार आहे का?

ह्यावर आमच्या गल्लीत दोन पक्ष आहेत. पहिला शेजारच्या निवृत्त मास्तरांचा. ते स्वातंत्र्यवादी. ‘तुम्ही कोण तिला कोंडणारे? झाडावर बसणं हा तिचा स्वभावधर्म आहे. गेली तर जाईल. पण जगली तेवढी मुक्त जगली!’ असं ते कुंपणापलीकडून बजावतात. हे बोलून झाल्यावर मास्तर घरात जातात. मास्तरांच्या घराला बाहेर लोखंडी जाळीचं दार आहे, आत लाकडी दार आहे, त्याला दोन कड्या, एक साखळी आणि एक भिंग आहे. मास्तर मुक्त आहेत, पण ते सगळं लावल्यानंतर.

दुसरा पक्ष समोरच्या काकूंचा. त्यांचं म्हणणं, ‘अहो, आधी जिवंत तर राहू द्या, मग स्वभावधर्म बघू. सरळ धरा आणि कोंडा.’ काकूंनी हे धोरण आयुष्यभर राबवलं आहे. त्यांच्याकडे काकासुद्धा साडेआठनंतर बाहेर दिसत नाहीत.

दोन्ही पक्षांचं ऐकून मी गोंधळलो होतो, तेव्हा मला खरी गुरू भेटली. खेड्यावरून अंडी विकायला येणाऱ्या एक मावशी. माझी पेरूखालची आर्जवं त्यांनी एकदा पायरीवर बसून शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, ‘दादा, असं बोलावून कोंबडी येतीय व्हय? तिला घर दाखवायचं नसतंय. घर तिच्या डोक्यात घालायचं असतंय.’

मग त्यांनी सांगितलेलं शास्त्र मी वहीत उतरून घेतलं. नवी कोंबडी आणली की आठवडाभर खुराड्यातच ठेवायची. दाणापाणी तिथेच. आठ दिवसांनी सोडली, की ज्या जागी सलग राती काढल्या ती जागा तिच्या डोक्यात घर म्हणून बसते. संध्याकाळचा शेवटचा मूठभर दाणा नेहमी खुराड्यात टाकायचा, बाहेर नाही. आत बसायला आडवी दांडी हवी, आणि ती अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा उंच हवी. कारण कोंबडी आत गेल्यावर सगळ्यांत उंच जागा शोधते. खोकं उंच असेल तर ती खोक्यात झोपते आणि सकाळची अंडी घाणीत सापडतात. दांडी दीड-दोन बोटं जाडीची, कडा गोल केलेली. वरच्या अंगाला वारा खेळायला जागा हवी, नाहीतर विष्ठेच्या वाफेने डोळे जातात. आत मिणमिणता दिवा थोडा वेळ ठेवला तर नव्या कोंबड्या अंधाऱ्या दारापाशी बिचकत नाहीत. आणि एवढं करूनही एखादी झाडावर चढलीच, तर तिच्यामागे धावायचं नाही. अंधार पडू द्यायचा, मग हळूच दोन्ही हातांत घेऊन दांडीवर नेऊन बसवायचं. चार-पाच राती असं केलं की सहाव्या संध्याकाळी ती आपणहून रांगेत येते.

‘पण मावशी, तिला झाडावरच आवडत असलं तर?’ मी मास्तरांचा मुद्दा मांडला.

मावशी हसल्या. ‘झाडावर तिला उंची आवडतीया, दादा. उंची तुमी आत द्या की!’

तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात मला इतकं सरळ उत्तर मिळालं नव्हतं. स्वातंत्र्य की सुरक्षितता, असा वाद आम्ही घालत बसलो होतो. मावशींचं म्हणणं एवढंच, की कोंडण्याआधी ती बाहेर काय शोधत होती ते बघा, आणि त्यातलं जमेल तेवढं आत ठेवा. दांडी न लावता नुसतं दार लावणाऱ्याला कोंबडी पाळणारा म्हणत नाहीत.

ही झाली आतली बाजू. बाहेरच्या बाजूला वेगळीच मंडळी असतात, आणि ती पाळ्यांनी काम करतात. दिवसपाळीला मुंगूस आणि घार. रात्रपाळीला बोका, उदमांजर आणि भटकी कुत्री. पिल्लांसाठी घूस आहे, अंड्यांसाठी साप आहे. बाजारात जी षटकोनी भोकांची पातळ जाळी ‘कोंबडीची जाळी’ म्हणून मिळते, ती ह्या मंडळींपुढे फारशी टिकत नाही. कुत्रं ती फाडतं, उंदीर-घुशी कुरतडतात, आणि उदमांजराला पुरेल एवढी फट कुठेतरी राहतेच. मग माझ्या लक्षात आलं, की ही जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी केलेली आहे. बाहेरच्याला बाहेर ठेवण्यासाठी केलेलीच नाही. त्यासाठी बारीक चौकोनी भोकांची, जाड तारेची जाळी लागते, ती जमिनीत वीतभर गाडावी लागते, आणि तिला पैसे जास्त पडतात. म्हणून पुष्कळजण पहिलीच घेतात, आणि तिला सुरक्षितता म्हणतात.

ही गोष्ट कळल्यापासून कुणी ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ असं म्हणालं, की मी आधी भोकांचा आकार बघतो.

आता खुराड्याच्या कडीकडे वळतो, कारण सगळं नीतिशास्त्र तिथे टांगलेलं आहे. आपल्या घराची कडी आतून असते. लावायची की नाही, कधी उघडायची, हे आत असलेला ठरवतो. खुराड्याची कडी बाहेरून असते. एवढाच काय तो फरक, पण त्याने सगळा हिशेब बदलतो. झाडावरच्या कोंबडीला बोका आला तर निदान फडफडून खाली पडण्याची, झुडपात दडण्याची संधी असते. दहांत एकदा का होईना, ती वाचते. पण कडी लावलेल्या खुराड्यात उदमांजर शिरलं तर दांडीवरच्या कोंबड्यांना जायला जागाच नाही. आणि आत शिरलेला प्राणी एक उचलून पोटापुरतं घेऊन जात नाही. फडफड सुरू असेपर्यंत तो मारत सुटतो, आणि सकाळी सगळं खुराडं गार असतं. म्हणजे भोक असलेलं खुराडं हे अर्धी सुरक्षितता नव्हे. ते झाडापेक्षा वाईट.

ज्या क्षणी मी बाहेरून कडी लावतो, त्या क्षणी मी तिचं पळून जाणं काढून घेतलेलं असतं. तेव्हा पळून जाण्याची गरजच पडणार नाही, एवढी जबाबदारी माझी. त्यात सूट नाही, हप्ते नाहीत. ‘मी आपला माझ्या परीने प्रयत्न केला’ हे वाक्य झाड मोकळं ठेवणाऱ्याला शोभतं. कडी लावणाऱ्याला शोभत नाही.

१९९९ साली नील्स रॅटनबोर्ग ह्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रांगेत झोपलेल्या बदकांचा अभ्यास केला. रांगेच्या मधली बदकं बहुतांशी दोन्ही डोळे मिटून झोपत. कडेची बदकं मात्र एक डोळा उघडा ठेवून, मेंदूची एक बाजू जागी ठेवून झोपत, आणि उघडा डोळा बाहेरच्या बाजूचा असे. हे वाचल्यावर मला माझा हुद्दा कळला. खुराड्याला कडी लावली की कडेचं बदक मी. पावसाळ्यात रात्री दोन वाजता परड्यात खुट्ट झालं, की आठ कोंबड्या आणि घरातली तीन माणसं दोन्ही डोळे मिटून झोपलेली असतात, आणि मी बॅटरी घेऊन चिखलात. ‘एवढी कसली काळजी? बायको आजारी असताना कधी उठला नाहीत’ असं घरातून ऐकू येतं. त्यावर माझ्याजवळ उत्तर आहे, पण ते मी देत नाही. आमच्या घराची कडी आतून आहे.

हा विषय घरात निघाला की कोंबड्यांपुरता राहत नाही. आमची मुलगी कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. तिला घरात सातच्या आत यायचा दंडक होता. दंडक तिच्या आईचा, अंमलबजावणी माझी. एका संध्याकाळी ती माझ्याशेजारी परड्यात उभी होती. मी कोंबड्या मोजत होतो. ती म्हणाली, ‘बाबा, कोंबड्या सातच्या आत घरात, मी सातच्या आत घरात. बोक्याला कुणी सांगितलंय का सातच्या आत घरात?’

मी म्हटलं, ‘बोक्याला सांगून कळत नाही.’

‘बोक्याला कळत नाही हे ठीक आहे. पण रस्त्यावर बोके नसतात, बाबा. आपल्यासारख्याच घरांतली मुलं असतात. त्यांच्या आयांना आणि बाबांना सांगता येतं की.’

मी पुन्हा पहिल्यापासून कोंबड्या मोजायला लागलो. मोजत असताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो. तिचा मुद्दा असा होता, की ज्याला शिकवता येत नाही त्याच्यापासून वाचवण्यासाठी दार लावणं हा नाइलाज. पण ज्याला शिकवता येतं, त्याला शिकवायचा कंटाळा म्हणून दुसऱ्यालाच कोंडायचं, आणि वर त्याला काळजी म्हणायचं, ही त्या षटकोनी जाळीचीच गोष्ट. आत असलेल्याला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. कोंबडीला कोंडताना मी निदान बोक्याची बाजू घेत नाही. दंडक नंतर आठवर गेला, मग नऊवर. तिच्या आईचा पहिल्यांदा विरोध होता. मग तिने त्याच गल्लीतल्या एका मुलाच्या आईशी जाऊन दोन तास बोलणं केलं. त्या बोलण्याचा आवाज कळंबा तलावापर्यंत गेला असावा. परिणाम मात्र चांगला झाला.

बरं, कडी नीट लागली म्हणजे आत रामराज्य असतं असंही नाही. थॉर्लीफ शेल्डरूप-एब नावाच्या नॉर्वेजियन गृहस्थाने लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण केलं आणि १९२१ साली त्यांच्यातली उतरंड छापून प्रसिद्ध केली. कोणी कोणाला टोचायचं आणि कोणी निमूटपणे टोचून घ्यायचं, हे कोंबड्यांत ठरलेलं असतं. दांडीवरची उंच, कोपऱ्यातली जागा थोरलीची. सगळ्यांत खालच्या कोंबडीला सगळे टोचतात आणि तिने कुणाला टोचायचं नसतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे शोधायला नॉर्वेला जायची गरज नाही. पण एक गोष्ट मला त्यातून कळली. रोज संध्याकाळी सगळ्यांत शेवटी आत येणारी, कधी कधी बाहेरच रेंगाळणारी कोंबडी हट्टी नसते. तिला आतली दांडी बोक्यापेक्षा भयंकर वाटत असते. ‘घरात सुरक्षित आहेस ना, मग बाहेर कशाला?’ असं विचारण्याआधी तिच्या मानेवरची पिसं बघावीत. मी दांडी हातभर लांब केली आणि त्याच उंचीवर दुसरी लावली. भांडणं थांबली नाहीत, पण अंतर वाढलं. पुष्कळ कुटुंबांना एवढंच पुरतं.

आता कुणी म्हणेल, इतका ताप करून घेण्यापेक्षा पूर्ण बंदोबस्त करून टाका ना! तोही मनुष्याने करून पाहिला आहे. तारेचे पिंजरे, एकावर एक रचलेले. बोका नाही, घार नाही, पाऊस नाही. युरोपात अशा पिंजऱ्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा द्यावी असा नियम होता, म्हणजे आपल्या टाइपाच्या कागदाहून कमी. सुरक्षितता अशी, की जन्मात पंख पसरता येत नाहीत. १९६५ साली ब्रिटनमध्ये ब्रँबेल समितीने सांगितलं, की पाळीव जनावराला निदान उभं राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय पसरता आले पाहिजेत. १९९९ साली युरोपने कायदा केला आणि २०१२ च्या १ जानेवारीपासून ते जुने पिंजरे तिथे बंद झाले. त्या कायद्यात एक कलम मला फार आवडतं. प्रत्येक कोंबडीला बसायला किमान १५ सेंटिमीटर दांडी मिळाली पाहिजे. एवढ्या देशांचे मंत्री, सचिव, दुभाषे जमले, त्यांनी वर्षानुवर्षं खल केला आणि शेवटी ते आमच्या मावशींच्या मुक्कामाला पोचले : उंची आत द्या की! आपल्याकडे बाजारातली बहुतेक अंडी अजून पिंजऱ्यातूनच येतात. मावशींना कुणी समितीवर घेतलेलं नाही.

इथवर आलो म्हणजे एक अवघड प्रश्न उरतो, आणि कोल्हापुरात राहून तो टाळणं म्हणजे निव्वळ ढोंग. बोक्यापासून, कुत्र्यापासून, उदमांजरापासून जिला इतक्या निगुतीने वाचवलं, तिचं पुढे काय करता हो?

करतो. उत्तर एवढंच आहे. आखाड लागला, मंगळवार-शुक्रवारी त्र्यंबोलीच्या यात्रेला पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेकडीवर निघालं, की गल्लीगल्लीतून जो वास सुटतो त्यात आमच्या स्वयंपाकघराचाही वाटा असतो. मी शाकाहारी असतो तर हा लेख फार उदात्त झाला असता. अथेन्सच्या सॉक्रेटिसाने मरतेवेळी आपल्या मित्राला आठवण करून दिली, की अमुक देवाला एक कोंबडा द्यायचा राहिला आहे, तेवढा देऊन टाका. हे वाचल्यापासून तो मला कागल-गारगोटीकडचाच कुणी वाटतो.

पण बर्ट्रंड रसेलने १९१२ च्या आपल्या पुस्तकात जे कोंबडीचं उदाहरण दिलं आहे, त्याने माझी झोप काही दिवस उडवली होती. एक माणूस कोंबडीला रोज दाणे घालतो. रोज तो आला की दाणे मिळतात, म्हणून उद्याही मिळतील असं ती धरून चालते. शेवटच्या दिवशी तोच माणूस तिची मान पिरगळतो. रसेलला सांगायचं होतं ते एवढंच, की कालपर्यंत घडलं म्हणून उद्या घडेलच असं नाही. त्याला तर्कशास्त्र दिसलं. मला तो माणूस दिसला. तो हुबेहूब माझ्यासारखा होता.

ह्याचं उत्तर मला आजीच्या एका नियमात सापडलं. नियम तिने कधी समजावून सांगितला नाही, फक्त पाळायला लावला. आमच्याकडे कोंबडी रात्री खुराड्यातून काढून कापायची नाही. आता ज्याला थोडं कळतं तो सांगेल, की कोंबडी धरायची तर रात्रीच. तिला दिसत नाही, ती ओरडत नाही, हात घालून उचलायची. पहाटे रस्सा तयार. आजी म्हणायची, ‘रातचा हात आत जायचा तो मोजायला. पायजे तर दिवसा धर, मोकळ्यावर. पळाली तर तिचं नशीब, घावली तर आपलं.’

ह्या नियमामुळे आमच्या घराण्याची अनेकदा शोभा झाली आहे. जावई ओट्यावर बसलेत, मसाला वाटून तयार आहे, आणि परड्यात दोन पोक्त गृहस्थ धोतर सावरत एका तलंगेमागे धावताहेत, हा देखावा मी लहानपणी पाहिला आहे. एकदा तलंग कुंपण ओलांडून गेली ती गेलीच. जावयाला पिठलं-भाकरी खावी लागली. आजीला त्याचं काही वाटलं नाही. ‘तिला न्हाई वाटलं यावं,’ एवढंच ती म्हणाली.

ह्या नियमाने खाण्याचं पाप धुऊन निघतं असं मी म्हणत नाही. निघत नसावं. मास्तर म्हणतात की मेलेल्या कोंबडीला दिवस काय नि रात्र काय, आणि तर्काने ते बरोबर आहे. पण उरलेल्या सात रात्री दांडीवर बसणार असतात. ज्या दारावर विसंबून त्या डोळे मिटतात, त्या दाराचा उपयोग त्यांना पकडायला करायचा नाही, एवढी मर्यादा त्या नियमात आहे. जगात मोठमोठे करार ह्याहून ढिले असतात. विसंबलेल्याला विसंबलेल्या जागी गाठणं, हे बोका करतो. बोक्यात आणि माझ्यात फार अंतर नाही हे मला ठाऊक आहे. जे थोडं आहे ते एवढंच, आणि ते मी राखून ठेवलं आहे.

तेव्हा इतक्या वर्षांच्या तपश्चर्येनंतर माझा निष्कर्ष अगदी लहान आहे. कोंबडीला कोंडावं. पण बाहेरून कडी लावणाऱ्याने रोज मोजावं, भोकं बुजवावीत, आत दांडी ठेवावी, खालच्या कोंबडीची मान बघावी, आणि रात्री आत घातलेला हात रिकामाच बाहेर काढावा. तुम्ही कोंबड्या पाळत नसाल. पण म्हातारे वडील दुपारचे घरात एकटे असतात म्हणून बाहेरून कुलूप घालून ऑफिसला जाणारे, मुलाला ‘तुझ्या भल्यासाठी’ वसतिगृहात ठेवणारे, सुनेला ‘बाहेर काय आहे, इथे काय कमी आहे’ म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. सगळेच वाईट नसतात. काहींचा खरोखर नाइलाज असतो. त्यांनी कडी लावावीच. फक्त लावल्यावर झोपायचं ते एक डोळा उघडा ठेवून.

आणि सकाळी वेळेवर कडी काढावी. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगून ठेवलं आहे. उशीर झाला तर कोंबडा आतून जे काही म्हणतो, त्याला आपण आरवणं समजतो. शब्द कळत नाहीत हे आपलं भाग्य.